संडासातून रक्त जात असताना कोलोनोस्कोपी: पोट साफ करण्याची तयारी नातेवाइकांनी कशी पार पाडावी

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत माझ्या वडिलांना एका रात्रीत तीन वेळा संडासातून रक्त गेले. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचे ठिकाण आणि अखेर एक मोठे रुग्णालय अशी आमची धावपळ झाली. तेथील डॉक्टरांनी मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहावे लागेल, म्हणजे कोलोनोस्कोपी करावी लागेल, असे सांगितले आणि पावडरीची दोन मोठी पाकिटे माझ्या हाती देऊन "हे पाजा, पोट पूर्ण साफ झाले पाहिजे" एवढीच सूचना दिली. पुढच्या काही तासांत माझ्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांमुळे तपासणी एक दिवस पुढे गेली आणि आधीच अशक्त झालेल्या वडिलांना ते सगळे पाणी दुसऱ्यांदा प्यावे लागले. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. कोणते औषध, किती आणि कधी द्यायचे हे तुमच्या रुग्णाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. पण ते ठरल्यानंतर रात्रभर खाटेजवळ बसून ते पाजण्याचे काम बहुतेक ठिकाणी नातेवाइकाकडेच येते, आणि हा लेख त्या नातेवाइकासाठी आहे.

पोट साफ करण्यावर एवढा भर का दिला जातो, हे आधी समजून घ्यावे. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि त्याला आतून घड्या असतात. रक्त जिथून येते ती जागा कधी कधी ज्वारीच्या दाण्याएवढीही नसते. तिच्यावर शी किंवा रक्ताच्या गुठळ्या साचलेल्या असतील तर कॅमेऱ्याला ती दिसत नाही आणि दुर्बिणीतली शोषून घेण्याची नळीही तुंबते. तयारी नीट झाली असेल तर जागा सापडते आणि पुष्कळदा त्याच वेळी तेथे क्लिप लावून, इंजेक्शन देऊन किंवा ती जागा शेकून रक्त थांबवता येते.

१. घरी जुलाबाचे औषध अजिबात देऊ नका

आपल्याकडे संडासातून रक्त गेले की "मूळव्याध असेल" असे म्हणून जडीबुटी, एरंडेल किंवा गावातल्या दुकानातली गोळी दिली जाते. मूळव्याधीतून रक्त जाते हे खरे आहे, परंतु आतड्याच्या भिंतीला आलेल्या फुग्यांतून, आतड्याच्या सुजेतून, जखमांतून, क्षयातून, कोंबासारख्या वाढलेल्या गाठींतून आणि कर्करोगातूनही रक्त जाते, आणि बाहेरून पाहून यांतला फरक कळत नाही. शिवाय रक्तस्राव चालू असताना घरी जुलाब दिले तर अंगातले पाणीही जाते, रक्तदाब आणखी खाली येतो आणि रुग्ण वाटेतच बेशुद्ध पडू शकतो. नेहमीची, ठरवून केलेली कोलोनोस्कोपी असेल तर ही तयारी घरी करतात. रक्त जात असताना मात्र ती रुग्णालयातच, सलाईन चालू असताना करायची असते.

रक्त जास्त जात असेल, घाम फुटला असेल, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. धारणी किंवा सिरोंचाकडून मोठे रुग्णालय गाठायला कित्येक तास लागतात. म्हणून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी सलाईन लावून घ्यावी, रक्तगट तपासून घ्यावा आणि संदर्भचिठ्ठी घेऊन मग पुढे निघावे. दुर्बिणीची सोय कुठे सुरू आहे हे तेथूनच फोन करून विचारायला सांगा, कारण ही सोय प्रत्येक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असतेच असे नाही. आपल्या भागातून लोक बहुधा नागपूरच्या मेडिकलला, मेयोला किंवा एम्सला, नाहीतर सेवाग्राम, सावंगी किंवा अमरावतीला जातात.

२. सोबत काय न्यावे

कागदपत्रे एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा: रुग्णाचे आधार कार्ड, रेशन कार्ड, संदर्भचिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि केसपेपर, आणि सिकलसेलची (हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे) तपासणी झालेली असेल तर तिचे कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती झाल्याबरोबर त्यांना भेटा, डिस्चार्जच्या दिवसाची वाट पाहू नका. योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावरही मिळते.

रुग्ण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी न्या. "एक पांढरी गोळी आहे, सकाळी घेतात" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

सामान साधेच लागते, पण रात्री अडीच वाजता ते मिळत नाही:

- एक लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या आणि मोजून पाव लिटर पाणी मावेल असा एक ग्लास
- पांढरा प्लास्टिकचा मग किंवा टोपले, आणि टॉर्च
- जुन्या सुती साड्यांचे तुकडे, अंथरायला रबरी शीट, मोठ्या माणसांचे डायपर
- खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, साबण
- वही, पेन आणि घड्याळ

पांढऱ्या मगाचा उपयोग पुढे येईल. माझ्या मते या यादीत सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे.

३. डॉक्टरांनी विचारण्याआधी हे सांगा

गर्दीच्या वॉर्डात प्रत्येक गोष्ट विचारली जाईलच असे नाही. खालच्या गोष्टी तुम्ही स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहिल्या गेल्या का ते पाहा.

*रक्ताचा रंग.* लालभडक, काळपट लाल की डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शी? डांबरासारखी असेल तर रक्त बहुधा वरून, म्हणजे जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून येत असते आणि तेव्हा आधी तोंडातून दुर्बीण घालून पाहतात. शक्य असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. लाज वाटते, पण त्या एका फोटोने बराच वेळ वाचतो.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.* अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, एसिट्रोम यांपैकी काही चालू असल्यास लगेच सांगा. परंतु त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट टाकलेला असेल तर अशी गोळी अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. गुडघेदुखीसाठी किंवा कंबरदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही सांगा, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो आणि शेतात राबणारी आपली माणसे त्या सर्रास घेतात.

*सिकलसेल.* विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि याबाबत गाफील राहून चालणार नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तपेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. पोट साफ करण्याच्या तयारीत जुलाब होणारच असतात, म्हणून अशा रुग्णाला सलाईनने पाण्याची भरपाई चालू ठेवावी लागते. घरात कोणाला सिकलसेल असेल आणि या रुग्णाची तपासणी कधीच झाली नसेल, तर तेही सांगा.

*मधुमेह, मूत्रपिंडाचा व हृदयाचा आजार.* उपाशीपोटी नेहमीचे इन्सुलिन किंवा गोळी दिली तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून डोस विचारल्याशिवाय देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फेट असलेले पोट साफ करण्याचे औषध टाळतात.

*लोहाच्या गोळ्या.* यांनी शी काळी आणि चिकट होते. काळा रंग रक्तामुळे आहे की गोळीमुळे, हा घोळ त्यातून होतो आणि आतड्याला चिकटलेली ती शी धुऊन निघायलाही वेळ लागतो.

*गेल्या दोन दिवसांतले जेवण.* ठरवून केलेल्या तपासणीआधी दोन-तीन दिवस कोंडा आणि बिया नसलेले हलके जेवण देतात. तातडीच्या रुग्णाला ती सवड नसते. माझ्या वडिलांनी आदल्या दिवशी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी खाल्ली होती, आणि ते मी कोणालाच सांगितले नाही, कारण त्याचा काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. जवस, तीळ, पेरूच्या आणि टमाट्याच्या बिया आतड्याच्या घड्यांत अडकून राहतात. असे काही खाल्ले असेल तर औषध अधिक लागू शकते.

४. आधी रुग्ण स्थिर होतो, मग पोट साफ होते

भरती होऊन दोन तास झाले तरी दुर्बीण का घालत नाहीत, म्हणून मी त्या रात्री तेथे आवाज चढवला होता. ते चुकीचे होते. नाडी जलद आणि रक्तदाब कमी असताना आधी सलाईन, आवश्यक असल्यास रक्त, आणि त्यानंतर पोटाची तयारी असा क्रम असतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले तर साधारणपणे रक्त चढवतात. हृदयरोग असणाऱ्यांना त्याआधीही चढवावे लागते. म्हणून या वेळात भांडण्यापेक्षा रक्तदाते गोळा करा.

बहुतेक रुग्णांचा खालच्या आतड्यातला रक्तस्राव आपोआप मंदावतो, त्यामुळे नीट तयारीसाठी काही तास देण्याने सहसा नुकसान होत नाही. घाईघाईने, पोट साफ न करता दुर्बीण घातली तर मात्र काही दिसत नाही. रक्त थांबतच नसेल आणि रक्तदाब सावरत नसेल, तर डॉक्टर या तयारीत वेळ न घालवता रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायला सांगतात किंवा दुसऱ्या केंद्रात पाठवतात. असा निर्णय झाल्यास तो मान्य करावा.

आणखी एक खबरदारी आहे. पोट फुगून टणक झाले असेल, वायूही सरत नसेल, हिरव्या उलट्या होत असतील, पोटात तीव्र वेदना असतील किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर औषधाचा पहिला घोट देण्याआधी डॉक्टरांना बोलवा. आतड्याला अडथळा किंवा छिद्र असताना हे औषध देत नाहीत, आणि गुंगीतल्या माणसाच्या घशातून पाणी फुप्फुसात उतरू शकते.

५. औषध विरघळवणे

तातडीच्या रुग्णांना बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. पेगलेक हे तिचे आपल्याकडे सर्वांना माहीत असलेले नाव आहे. हे द्रव्य आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, पाणी धरून ठेवते आणि नाल्याला पूर यावा तसे सगळे पुढे ढकलत नेते. त्यात क्षारही मिसळलेले असल्याने अंगातल्या क्षारांचे प्रमाण सहसा बिघडत नाही.

मोठे पाकीट साधारणपणे दोन लिटर पाण्यात विरघळवायचे असते, पण तुमच्या पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचा आणि नर्सताईंना विचारून खात्री करा. पिण्याचे शुद्ध पाणीच घ्या, आणि पाणी मोजूनच घ्या. मी अंदाजाने एक तांब्या कमी घातला. औषध लवकर संपेल असे मला वाटले होते. द्रावण दाट झाले, वडिलांना मळमळ सुटली आणि दोन ग्लास उलटून पडले. साखर, गूळ किंवा शरबत त्यात मिसळू नये. चव खारट आणि बुळबुळीत असते. थंड केल्यावर ती पुष्कळ सुसह्य होते. डॉक्टरांची हरकत नसेल तर दोन ग्लासांच्या मध्ये लिंबाची फोड चोखायला द्यावी.

६. पाजणे

रुग्णाला पाठीला उशा लावून बसवा. आडवे झोपवून एक घोटही देऊ नका. साधारण दर दहा ते पंधरा मिनिटांनी पाव लिटरचा एक ग्लास, अशी गती असते. एकूण चार लिटर, आणि रक्तस्रावाच्या रुग्णाला कधी कधी त्याहूनही जास्त लागते. आकडा ऐकून घाबरायला होते, म्हणून रुग्णाला एकदम चार लिटर सांगू नये. समोरचा एक ग्लास दाखवावा. वडिलांनी सातव्या ग्लासाला माझ्याकडे पाहून विचारले होते, "अजून किती पेवाचं हाये रे बाप्पा?" तेव्हा मी खरा आकडा सांगितला आणि त्यांनी तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी मी वहीत रेघा मारत गेलो आणि प्रत्येक ग्लासानंतर ती वही त्यांना दाखवत गेलो. तसे करून सगळे औषध पोटात गेले.

मळमळ झाली तर अर्धा तास थांबावे आणि नर्सताईंना सांगावे. उलटी थांबवण्याचे इंजेक्शन देता येते. तोंडाने पिणे अशक्यच झाले तर नाकातून नळी घालून औषध सोडतात. नळीचे नाव काढताच नातेवाईक नकार देतात. माझी विनंती आहे की लगेच नकार देऊ नका. थकलेल्या वृद्ध माणसाला तासन्‌तास जबरदस्तीने पाजण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली नळी पुष्कळदा सोयीची ठरते. मात्र नळीने औषध चालू असताना खाटेचे डोके उंचच हवे आणि जवळ माणूस जागा हवा.

या काळात घन पदार्थ काहीही द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर साधे पाणी, नारळपाणी, गाळलेले लिंबूपाणी किंवा वरणाचे गाळलेले निवळ पाणी चालते. दूध आणि दुधाचा चहा चालत नाही. लाल किंवा जांभळे काहीही नको: कोकम, बीट, लाल शरबत यांचा रंग आत रक्तासारखा दिसतो. खर्रा आणि तंबाखू बंद. आपल्याकडे पुरुष रुग्ण उशीखाली खर्ऱ्याची पुडी ठेवतात, आणि सुपारीचे तुकडे व थुंकीबरोबर गिळलेला लाल-तपकिरी रस नेमका नको तेथे जातो. हे प्रेमाने पण ठामपणे सांगावे.

खरा धोका भेटायला येणाऱ्यांचा असतो. पहाटे माझा डोळा लागला, तेवढ्यात गावाहून आलेल्या आत्याने भावाची दशा पाहून त्यांना दुधाचा चहा आणि दोन टोस्ट दिले. तिच्या मायेत काहीच खोट नव्हती. तिला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून खाटेला कागद लावा: "तोंडाने काहीही देऊ नये. आधी विचारा."

७. उठबस करताना जपा

साधारण तासाभरात जुलाब सुरू होतात आणि मग रुग्णाला दहा-दहा मिनिटांनी उठावे लागते. रक्त कमी झालेला माणूस झटकन उठला की चक्कर येऊन पडतो. तिसऱ्या वेळी वडील मला न उठवता एकटेच निघाले आणि संडासाच्या दारात कोसळले. भुवईवर टाके पडले. त्यानंतर आम्ही खाटेवरच बेडपॅन दिला. आधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसवावे, मग दोघांनी धरून न्यावे, आणि शक्यतो खाटेजवळच सोय करावी.

वारंवार धुऊन कातडी सोलवटते. पुसताना घासू नये, ओल्या मऊ सुती कापडाने टिपावे आणि पहिल्या जुलाबापासूनच खोबरेल लावत राहावे.

८. "साफ झाले" हे कशावरून ओळखायचे

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. अडीच लिटरनंतर जुलाब पाण्यासारखे झाले, म्हणून मी थांबलो. पण पातळ होणे म्हणजे साफ होणे नव्हे. गढूळ, तपकिरी, कण तरंगणारे पाणी येत आहे तोवर आत शी शिल्लक आहे.

पांढरा मग येथे कामी येतो. बेडपॅनमधले थोडे पाणी मगात घ्या आणि वरून टॉर्च मारा. मगाचा तळ दिसला पाहिजे. रंग पिवळसर असेल, लघवीसारखा, आणि कण नसतील, तर तयारी झाली असे समजावे. रक्तस्रावाच्या रुग्णात ते पाणी गुलाबी किंवा लालसर असू शकते. तेवढ्यावरून तयारी फसली असे ठरवू नका आणि झाली असेही ठरवू नका. गुठळ्या आणि कण नाहीत, पाणी पारदर्शक आहे, हे पाहा आणि प्रत्येक वेळी नर्सताईंना दाखवा. किती लिटर पोटात गेले यापेक्षा शेवटी बाहेर काय आले यावर निर्णय होतो. दुसऱ्या दिवशी वडिलांना पाच लिटर लागले.

मध्येच ताजे लालभडक रक्त किंवा मोठ्या गुठळ्या आल्या, छाती धडधडू लागली, अंग गार पडले, श्वास लागला किंवा छातीत दुखू लागले, तर औषध थांबवा आणि लगेच हाक मारा.

वहीत प्रत्येक वेळची नोंद ठेवा: किती वाजता, कितवा ग्लास, जुलाबाचा रंग, लघवी झाली का. ड्युटी बदलली की नव्या डॉक्टरांना ती वही दाखवा. तोंडी सांगितलेले निम्मे विसरते.

९. शेवटचे दोन तास

गुंगीचे इंजेक्शन देणार असल्याने तपासणीआधी साधारण दोन तास पाण्याचा घोटही देत नाहीत. नेमकी वेळ तुमचे डॉक्टर सांगतील. दुसऱ्या बाजूने, पोट साफ झाल्यावर फार वेळ गेला तर वरून येणारा पित्ताचा चिकट रस आतड्यावर पुन्हा पसरतो. म्हणून "पाणी स्वच्छ येत आहे" हे लगेच कळवा आणि तपासणी किती वाजता आहे ते विचारून घ्या. नकली दात काढून ठेवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. गाठ दिसली तर तुकडा काढणे, क्लिप लावणे या गोष्टी त्यात आहेत का ते विचारा.

१०. तपासणी झाल्यावर

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत तोंडाने काही देऊ नये. पोटात हवा भरल्यासारखे वाटते आणि वायू सरला की बरे वाटते. पण पोट टणक होऊन दुखू लागले, ताप आला किंवा पुन्हा रक्त गेले, तर तत्काळ सांगावे.

घरी निघण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: रक्त कुठून येत होते, आत काय केले, तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट कोणत्या दिवशी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल, आणि रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची. दुखण्याच्या गोळ्या यापुढे चालतील का, हेही विचारा. वडिलांच्या कागदावर तुकड्याच्या रिपोर्टची तारीख लिहिलेली नव्हती आणि त्यासाठी मला पुन्हा दीडशे किलोमीटर जाऊन यावे लागले. आमच्या वॉर्डातले एक कुटुंब तो रिपोर्ट न घेताच गावी गेले होते. त्यांना फोन करायला रुग्णालयाकडे नंबरही नव्हता. तुमचा चालू असलेला मोबाईल नंबर केसपेपरवर लिहून द्या.